वजनावरून नग कसे मोजायचे: स्टोअरमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

कारखान्याच्या स्टोअरमध्ये नवीन लागलात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी समोर वायसरची गोणी आणून आदळतं आणि म्हणतं, दहा हजार आहेत, मोजून घे पटकन, गाडीवाला थांबलाय. हाताने मोजायला बसलात तर मिनिटाला फार तर शंभर-सव्वाशे होतात, म्हणजे दीड तास गेला, आणि मध्ये कोणी "मॅडम जरा इश्यू द्या" म्हणून माल मागायला आलं की आकडा विसरून परत पहिल्यापासून. म्हणून सगळे वजनावर मोजतात.

मी अंबडला पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत स्टोअरला लागले तेव्हा मला काट्यावरची बटणं दाखवली होती, दहा नग टाक, हे बटण दाब, मग सगळा माल ओत, नगांचा आकडा येतो. झालं ट्रेनिंग. आत नेमकं काय चालतं ते कोणी सांगितलं नाही, ते मी माती खाऊन शिकले. तुम्हाला तेवढा त्रास नको म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. काटा नग मोजत नाही, काटा भागाकार करतो. तुम्ही त्याला सांगता की हे १०० नट आहेत, तो वजन बघतो, समजा २५० ग्रॅम भरलं, तर एका नटाचं २.५ ग्रॅम असं लक्षात ठेवतो. मग तुम्ही २५ किलो माल ओतला की २५,००० भागिले २.५, म्हणजे १०,००० नग. बास. त्याला नट आणि खडा यातला फरक कळत नाही. त्यामुळे एका नगाचं वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं, आणि गंमत म्हणजे चुकलेला आकडासुद्धा स्क्रीनवर तितक्याच ठसक्यात दिसतो.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. एम ४ चे, म्हणजे ४ मिलीमीटरच्या बोल्टला बसणारे नट होते, एक नट साधारण ०.८१ ग्रॅमचा. काटा ३० किलोचा, लीस्ट काउंट (काट्याला दाखवता येतं ते सगळ्यात छोटं वजन) १ ग्रॅम. मी शिकवल्याप्रमाणे दहा नट टाकले. खरं वजन ८.१ ग्रॅम, काट्यावर दिसले ८. म्हणजे एका नटाचं ०.८. मग पिशवी ओतली, २०,००० आले, मी बिन कार्डवर, म्हणजे त्या खान्यातल्या स्टॉकच्या नोंदीच्या कार्डवर, २०,००० लिहून मोकळी. प्रत्यक्षात पिशवीत होते १९,७५० च्या आसपास. महिनाभर कोणाला पत्ता नाही, आणि मग महिनाअखेरच्या शनिवारी संध्याकाळी डिस्पॅचच्या दिवशी लाईनवर अडीचशे नट कमी. कार्डवर स्टॉक आहे, बिनमध्ये नाही. आमच्या स्टोअरचे काका स्कूटर काढून हार्डवेअरच्या दुकानात गेले, आणि परत आल्यावर मला ओरडले नाहीत, फक्त विचारलं, दहाच नट का टाकलेस? मला उत्तर देता आलं नाही.

पायरी १: कोणता काटा

नग मोजायच्या काट्याला सहसा तीन खिडक्या असतात, एकात वजन, एकात एका नगाचं वजन, एकात नग. पण तो नसेल तरी चालतं, साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन हेच काम होतं, फक्त भागाकार तुम्ही करायचा. बघायचं ते हे की काट्याचा लीस्ट काउंट किती आणि तुमचा नग किती वजनाचा. ३० किलोच्या काट्याला सहसा १ ग्रॅम असतो, १५ किलोला अर्धा, ३ किलोच्या काट्याला ०.१ ग्रॅम. नगाचं वजन लीस्ट काउंटपेक्षा कमी असेल, जसे ते एम ४ चे नट १ ग्रॅमच्या काट्यावर, तर एक नट टाकला काय आणि काढला काय, काट्याला कळेलच असं नाही. अशा काट्यावर एकेक नग अचूक मिळेल ही आशा सोडा. नग निदान चार-पाच लीस्ट काउंटचा असावा.

अंदाज यावा म्हणून हेक्स नटांची वजनं देते, साधे स्टीलचे, हजार नगांचं वजन: एम ३ साधारण ०.३८ किलो, एम ४ चं ०.८१, एम ५ चं सव्वा, एम ६ चं अडीच, एम ८ चं सव्वापाच, आणि एम १० चं साडेअकरा किलोच्या आसपास. हे फक्त माल आल्याबरोबर "अरे हे तर निम्मेच दिसतायत" एवढं कळायला. यावरून स्टॉक लिहायचा नाही, का ते पुढे येतंय.

दोन काटे असतील तर उत्तम. बारीक काट्यावर सॅम्पल (एका नगाचं वजन काढायला हाताने मोजून घेतलेले नग), मोठ्या फ्लोअर काट्यावर माल. पण मग दोघांचं जमतंय ना ते रोज सकाळी बघायचं, एकच वजन दोन्हीकडे ठेवून. दोघांत फरक असेल तर तो सरळ नगांत उतरतो.

पायरी २: काटा कुठे ठेवायचा

हे पटकन सांगते. पंख्याखाली नको, ०.१ ग्रॅमचा काटा पंख्याच्या वाऱ्याने नाचतो. पॉवर प्रेसच्या भिंतीला लागून नको. टेबल हलणारं नको. काट्यावर पाण्याचा बुडबुडा असतो तो गोलाच्या मध्ये आणा, पाय फिरवून. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, चहा घेऊन या. आणि माल वरून आदळू नका, खाली लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग असतो, त्याला एकदा दणका बसला की तो कायमचा रुसतो.

महिन्यातून एकदा एवढं करा की एकच वजन पॅनच्या मध्यभागी ठेवा, मग चारही कोपऱ्यांत. पाचही ठिकाणी आकडा सारखा आला पाहिजे. नाही आला तर दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि तोपर्यंत माल मध्यभागीच ठेवा.

पायरी ३: शून्य आणि धडा

जुन्या तराजूवर किराणावाला डब्यात तेल देताना आधी डब्याचा धडा करायचा, म्हणजे रिकामा डबा एका पारड्यात आणि दुसऱ्यात तेवढेच खडे-वजनं टाकून पारडी सारखी करायची. टेअर म्हणजे तोच धडा, बटणावर आलेला. रिकामा क्रेट ठेवला, टेअर दाबलं, शून्य आलं, मग माल.

इथे नवीन लोक हमखास फसतात ते क्रेटच्या बाबतीत. सगळे निळे क्रेट दिसायला सारखे असतात आणि वजनाला नसतात. एकाला चार जुनी लेबलं चिकटलीत, एकात तळाला तेल साचलंय, एक वेगळ्या कंपनीचा आहे. दोन क्रेटमध्ये १५० ग्रॅमचा फरक मी स्वतः बघितलाय, आणि १५० ग्रॅम म्हणजे एम ६ चे ६० नट. एका क्रेटचा टेअर घेऊन बाकीचे दहा क्रेट त्यावर मोजले तर नुसत्या क्रेटांमुळे काही शे नगांचा घोळ होऊ शकतो. म्हणून प्रत्येक क्रेटच्या बाजूला पेंट मार्करने त्याचं वजन लिहून ठेवा, आणि वर्षातून एकदा धुवून परत वजन करा. पिशवीसकट माल मोजत असाल तर तशीच रिकामी पिशवी धड्याला घ्या.

आता शून्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मला हे कळायला दोन वर्षं गेली. काटा प्रमाणात चुकत असेल, समजा सगळंच दोन टक्के कमी दाखवतोय, तर नगांवर काहीही फरक पडत नाही! १०० नट २५० ऐवजी २४५ ग्रॅम दिसतील, २५ किलो माल २४.५ दिसेल, भागाकार तरी १०,००० च. सॅम्पल आणि माल दोन्ही एकाच चुकीच्या काट्यावर असल्यामुळे चूक चुकीने कटते. पण काट्याचं शून्यच हललेलं असेल, समजा सतत ५ ग्रॅम जास्त दाखवतोय, तर सॅम्पल २५५ दिसणार, म्हणजे एका नटाचं २.५५, आणि माल २५,००५. भागाकार करून बघा, ९,८०६ येतात. जवळजवळ दोनशे नट गायब, फक्त ५ ग्रॅमपायी. तराजूच्या दोन पारड्यांत मुळातच जो फरक असतो त्याला आपल्याकडे पासंग म्हणतात, "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही" म्हणतो ना आपण, तोच. म्हण काहीही म्हणो, नग मोजताना तो एवढासा पासंगच सगळ्यात महाग पडतो. सॅम्पल टाकायच्या आधी शून्य बघा, काढल्यावर परत शून्य येतंय का बघा.

पायरी ४: सॅम्पल

खरं काम इथे आहे. घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

किती नग घ्यायचे? माझा नियम असा की सॅम्पलचं एकूण वजन लीस्ट काउंटच्या निदान पाचशेपट असावं. काटा अर्ध्या लीस्ट काउंटपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, तर पाचशेपट घेतलं की ती चूक हजारात एकवर येते, दहा हजार नगांत दहा. १ ग्रॅमचा काटा असेल तर अर्धा किलो सॅम्पल, म्हणजे एम ६ चे २०० नट. ०.१ ग्रॅमचा असेल तर फक्त ५० ग्रॅम, एम ४ चे साठ-पासष्ट नट. बघा, बारीक काटा असला की मोजायचे कष्ट किती कमी होतात ते. नग मोजायच्या काट्यांत आतला हिशोब स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा बारीक चालतो, त्यामुळे ते थोड्या सॅम्पलवरही बरं काम करतात, पण मी त्या भरवशावर राहत नाही.

हे झालं काट्याचं. पण नगही सगळे एका वजनाचे नसतात. समजा एकेका नगात एक टक्का इकडेतिकडे आहे. २५ नगांची सरासरी घेतली तर ती सरासरी साधारण ०.२ टक्क्यांनी हलते, १०० घेतले तर ०.१ ने. म्हणजे सॅम्पल चौपट केलं की चूक निम्मी होते, पाव नाही. म्हणून हजार नगांचं सॅम्पल मोजत बसण्यातही अर्थ नसतो, शंभर-दोनशेच्या पुढे कष्ट वाढतात आणि फायदा तेवढा वाढत नाही.

मोजायचं कसं, तर दहा-दहाचे ढीग टेबलावर लावा. तोंडाने आकडे म्हणत एकेक टाकू नका, ६९ नंतर परत ६० कधी म्हटलं ते कळत नाही. दहाचे दहा ढीग डोळ्याला दिसतात, एखादा अकराचा असला तर तोही दिसतो. काका तर पत्र्याच्या तुकड्याला दहा बाय दहा भोकं पाडून त्यात नट बसवायचे, वरून हात फिरवला की १०० तयार, एक भोक रिकामं असलं की लगेच दिसतं. असा पत्रा तुमच्या टूलरूममधून चहाच्या बोलीवर करून मिळेल.

आणि नग उचलायचे कुठून? वरून मूठभर घेऊ नका. थोडे वरून, थोडे मधून, थोडे तळातून. खास करून बिनमध्ये जुन्या मालावर नवा ओतलेला असेल तर वरची मूठ म्हणजे फक्त नवा माल. ५०-५० ची तीन सॅम्पलं तीन ठिकाणांहून काढा, तिघांचं वजन करा. एक टक्क्याच्या आत असतील तर पुढे जा. त्याहून जास्त फरक दिसला तर थांबा, दोन लॉट मिसळलेत किंवा दोन साईझच मिसळल्यात, आधी ते निस्तरा.

पायरी ५: जुनं पीस वेट वापरू नका

काट्यात मेमरी असते, नग क्रमांक टाकला की मागचं पीस वेट, म्हणजे एका नगाचं वजन येतं, मोह होतो. वायसरच्या बाबतीत हा मोह मला फार महागात पडलाय. एम ६ चा साधा वायसर, बाहेरून १२ मिलीमीटर, भोक ६.४, जाडी १.६. पण ही जाडी स्टँडर्डप्रमाणेच १.४ ते १.८ पर्यंत चालते! म्हणजे पास झालेल्या दोन लॉटमध्ये एक वायसर ०.८९ ग्रॅमचा आणि दुसरा १.१४ चा असू शकतो आणि दोघांचंही काही चुकलेलं नसतं. एका कॉइलमधून (पत्र्याच्या गुंडाळीतून) पाडलेले वायसर आपापसात अगदी सारखे, कॉइल बदलली की वजन बदललं. वायसर हे फार फसवं प्रकरण आहे, दिसतो एवढासा.

मेमरीत होतं १.०२. नवा लॉट निघाला ०.९४ चा. सप्लायरने १०,००० पाठवलेले, वजन भरलं ९.४ किलो, काट्याने सांगितलं ९,२१६. मी चलानवर लाल पेनाने ७८४ शॉर्ट लिहिलं, वरून फोन करून सुनावलं पण. तो माणूस स्वतः आला, काही बोलला नाही, १०० वायसर मोजले आणि काट्यावर ठेवले. ९४ ग्रॅम. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. सॉरी म्हटलं, चहा पाजला, चलान दुरुस्त केलं. तेव्हापासून नवा लॉट आला की नवं सॅम्पल, मग तो त्याच सप्लायरचा का असेना आणि मेमरी काहीही म्हणो.

पायरी ६: सॅम्पल न मोजता मोठं करायची युक्ती

ही युक्ती मला फार आवडते. ०.१ ग्रॅमचा काटा आहे, एम ४ चे फक्त २० नट हाताने मोजले, १६.२ ग्रॅम. यात चूक फार तर ०.३ टक्का. आता अंदाजे अजून दुपटीएवढे नट त्यात टाका. काटा म्हणेल ६०. ०.३ टक्के ६० चे म्हणजे नटाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही, म्हणजे हे ६० नक्की ६० च आहेत, ५९ किंवा ६१ नाहीत. मग या ६० लाच नवं सॅम्पल धरा, परत पीस वेट घ्या, चूक ०.१ टक्क्यावर आली. परत टाका, १८० पर्यंत जा. हाताने मोजले फक्त वीस आणि सॅम्पल मिळालं १८० चं. काही काट्यांत हे आपोआप होतं, अपडेट म्हणून बटण किंवा सेटिंग असतं, नसेल तर कॅल्क्युलेटरवर करा.

अट एकच, पुढच्या टप्प्याला चूक अर्ध्या नगाच्या बरीच आत राहिली पाहिजे. एकदम २० वरून २,००० वर उडी मारली तर काटा आकडा दाखवेल पण तो सहा नगांनी चुकलेला असू शकतो, आणि मग तीच चूक तुम्ही नव्या पीस वेटमध्ये कायमची कोरून ठेवाल. दुप्पट-तिप्पट करत जा. आणि १ ग्रॅमच्या काट्यावर एम ४ साठी ही युक्ती चालत नाही, कारण वर सांगितलं तेच, तिथे एक नग काट्याला दिसतच नाही.

पायरी ७: माल ओता, आणि मग तपासा

माल एकदम ओतू नका, काट्याच्या क्षमतेच्या आत, दोन-तीन वेळा करून. आकडा स्थिर होऊ द्या, स्थिर झाल्याची खूण स्क्रीनवर येते.

तपासणी अशी: काट्यावर मोजून १०० नग वेगळे काढा आणि हाताने मोजा. १०० भरले तर ठीक. हे फक्त मिनिटभराचं काम आहे आणि सॅम्पलमधली मोठी चूक, म्हणजे ढीग अकराचा होता वगैरे, इथे पकडली जाते. मालाचा शेवटचा भाग घ्या तपासायला, कारण पहिला भाग म्हणजे तुमचं सॅम्पलच असतं.

तेल लागलेला माल असेल तर सॅम्पलही तेलकटच पाहिजे. पुसून स्वच्छ केलेल्या शंभर बोल्टांवरून तेलात बुडालेले पाच हजार मोजले तर तेलाचेही नग धरले जातात. आणि तेल खाली उतरतं, गोणीच्या तळचे बोल्ट वरच्यापेक्षा जड, म्हणून अशा मालाचं सॅम्पल तळातूनही घ्यायचं.

पायरी ८: लिहा, सगळं लिहा

कार्डवर नुसता "१०,०००" लिहू नका. तारीख, लॉट, सॅम्पल किती नगांचं, सॅम्पलचं वजन, क्रेटसकट वजन, क्रेटचं वजन, निव्वळ वजन, नग. एवढं लिहायला एक ओळ लागते. उद्या कोणी विचारलं तर माल परत न ओतता चूक सापडते. माझ्या एम ४ च्या वेळी कार्डवर "सॅम्पल १०, वजन ८" एवढं जरी असतं तर काकांना एका नजरेत कळलं असतं.

खरेदी किलोत आणि इश्यू नगांत, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. हार्डवेअरवाला बिल करतो किलोवर, लाईन मागते नग, आणि मध्ये आपण. तर सिस्टीममध्ये "१ किलो = ४०० नग" असं एकदाच भरून विसरून जायचं नाही, लॉट बदलला की तेही बदलतं. खरेदी-विक्रीचं वजन ज्या काट्यावर होतं त्याला वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याचा दरवर्षी, तारीख निघून गेली नाही ना ते बघत जा.

जॉबवर्कला माल जातो तेव्हा

प्लेटिंगला नट पाठवले १२.५ किलो, परत आले १२.५ किलो, सगळे खूश. पण झिंक चढलंय ना वर! आठ मायक्रॉनचा थर धरला आणि एम ६ च्या नटाचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ काढलं तर एका नटावर वीस-पंचवीस मिलीग्रॅम झिंक बसतं, म्हणजे टक्क्याच्या आसपास. ५,००० पाठवले असतील तर तेवढ्याच वजनात परत आलेले ५,००० नाहीत, चाळीस-पन्नास कमी आहेत. पिकलिंगमध्ये, म्हणजे आधी ॲसिडमध्ये गंज काढताना, थोडं लोखंड जातंही, त्यामुळे नेमकं किती ते कागदावर सांगता येत नाही, म्हणून जाताना एक सॅम्पल आणि आल्यावर दुसरं सॅम्पल, आणि जुळवायचे नग, किलो नाही. प्लेटिंगवाल्यावर संशय घ्यायचा म्हणून नाही, बॅरलमध्ये पाच-दहा नट अडकून राहतातच, दुसऱ्याचे आपल्यात येतात, आपले दुसऱ्याकडे जातात.

काय वजनावर मोजू नये

कास्टिंगचे नग, खडबडीत फोर्जिंग, लाकडाचे, चामड्याचे, जिथे एकेका नगात पाच-दहा टक्के फरक असतो तिथे अंदाजापुरतंच वापरा. नायलॉनचे बुश, कागदी गॅस्केट पावसाळ्यात ओल धरतात, सॅम्पल त्याच दिवशीचं घ्या, मार्चचं पीस वेट जुलैला नको. स्प्रिंगा एकमेकींत अडकतात, सॅम्पल मोजताना दोन गुंतलेल्या एक म्हणून जातात, आधी सोडवा. आणि महागाचे पार्ट, शंभर-दोनशेच असतील तर सरळ हाताने मोजा ना, त्यात काय एवढं.

कारखान्याबाहेर हेच लागतं. माझी वहिनी घरी मोत्यांचे दागिने करते, मणी घाऊक बाजारातून किलोवर आणते आणि तिला लागतात नग, कारण एका तुशीला किती मणी ते ठरलेलं. तिने २०० ग्रॅमचा ०.०१ वाला छोटा काटा घेतला, २०० मणी मोजले, १५.२ ग्रॅम, म्हणजे मण्याला ०.०७६, आणि आता पाकिटांवर नग लिहून ठेवते. शेतात हजार दाण्यांचं वजन काढतात ते हेच की, बियाणं किलोत घ्यायचं आणि एकरी रोपं नगांत हवीत.

नाण्यांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या बँकांना दिलेल्या सूचनांमध्येच आहे की १ आणि २ रुपयांची नाणी वजनावर घेणं बरं, किंवा शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पाकिटांत. पण देवळाची पेटी मोजायला बसलात तर जपून, १ रुपयाचं २०११ च्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅमचं आणि २०१९ च्या मालिकेतलं ३.०९ चं. जुन्यावर सॅम्पल घेऊन नवी हजार नाणी ओतली तर काटा म्हणेल ८१५. आधी निवडा, मग तोला.

आकडा जुळत नसेल तर

घाबरून सगळं परत ओतायला घेऊ नका, या क्रमाने जा. पॅन रिकामा करून शून्य बघा. क्रेटचं वजन परत करा. लॉट एकच आहे का बघा. सॅम्पल नव्याने घ्या, वेगळ्या ठिकाणाहून, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या, आपलीच चूक आपल्याला दिसत नाही. एवढं करूनही शंभर नगांचं वजन दर वेळी वेगळं येत असेल तर काट्याचा पॅन उचलून खाली बघा. आमच्याकडे एकदा तीन दिवस स्टॉक जुळत नव्हता, दुरुस्तीवाल्याला फोनही झाला होता, आणि काकांनी पॅन उचलला तर खाली लोडसेलच्या कडेला एक एम ४ चा नट अडकून बसला होता. त्यांनी तो पुसला, बिनमध्ये टाकला, आणि मला कार्डवर एक नग जमा करायला लावला.